पिंपल्सवर सीबीडी तेल लावू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २४, अंबड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या, धातू कापायच्या) मशीनवर शिफ्ट, पहाटे स्पर्धांसाठी धावण्याचा सराव. सतराव्या वर्षापासून चेहरा तेलकट. दुपारच्या जेवणापर्यंत कपाळ असं चमकतं की रुमाल लावला तर रुमालावर डाग उमटतो. गालावर, जबड्यावर आणि पाठीवर पिंपल्स. मेडिकलमधून विचारून आणलेल्या चार-पाच ट्यूबा वापरून झाल्या. आता जिममधल्या मित्राने सीबीडी (कॅनाबिडिओल, भांग-गांजाच्या झाडातला एक घटक) तेल सुचवलं, तुम्ही दोन हजारांची बाटली मागवली, आणि मित्राचं म्हणणं असं की रात्री चेहऱ्याला लावायचं आणि चार थेंब जिभेखालीही ठेवायचे. आईने बाटलीवरचं पान बघितलं आणि सांगितलं, गांजाचं तेल माझ्या घरात नको. तुम्ही विचारता: लावू का?

मी नाशिकमध्ये २२ वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो. माझं उत्तर असं: चेहऱ्याला आत्ता लावू नका, जिभेखाली तर मुळीच घेऊ नका. पण तुमच्या मित्राने ऐकलेलं सगळं खोटं आहे असंही नाही. त्यामागे खरं, चांगलं संशोधन आहे. ते संशोधन कुठपर्यंत पोचलंय आणि तुमच्या हातातली बाटली त्यापासून किती लांब आहे, हे समजून घेतलंत तर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेहऱ्यावरचं तेल येतं कुठून, इथून सुरुवात करू. प्रत्येक केसाच्या मुळाशी द्राक्षाच्या इवल्याशा घडासारखी एक ग्रंथी चिकटलेली असते. घामाची ग्रंथी घाम गाळते, तसं या ग्रंथीचं नाही. इथे कडेला नवी पेशी जन्मते, हळूहळू आत सरकते, सरकताना पोटात तेलाचे थेंब साठवत जाते, फुगते आणि शेवटी फुटते. म्हणजे तुम्ही रुमालाने पुसता ते फुटलेल्या पेशीच असतात. जन्मापासून फुटेपर्यंतच्या या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे दिवसातून सहा वेळा फेसवॉश केला तरी कारखाना बंद पडत नाही, फक्त दारातला माल उचलला जातो. कारखान्याचा वेग ठरवतात ते आतले हार्मोन, विशेषतः पुरुषी हार्मोन, आणि ते बाईच्या शरीरातही असतात.

नुसत्या तेलाने मात्र पिंपल होत नाही. केसाच्या नळीच्या तोंडाशी त्वचेच्या मेलेल्या पेशी नीट सुटून न पडता चिकटून राहतात, बूच बसतं. बूच उघडं राहिलं की हवा लागून काळं दिसतं, तो ब्लॅकहेड. तो मळ नव्हे, त्यामुळे घासून जात नाही. बूच बंद असेल तर पांढरा बारीक दाणा दिसतो. मागे तुंबलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचा, एरवी आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असणारा जंतू वाढतो, शरीर त्याच्यावर चाल करून जातं, आणि लाल, दुखरी, पू भरलेली पुटकुळी उठते. तेल, बूच, जंतू, सूज. पिंपलचं कुठलंही औषध यातल्या एका किंवा दोन गोष्टींवर काम करतं. सीबीडीबद्दल एवढी चर्चा झाली ती यासाठी की ते तेल आणि सूज या दोन्हींवर काम करेल असं दिसलं होतं.

ते दिसलं २०१४ मध्ये, हंगेरीतल्या डेब्रेसेन विद्यापीठात. तिथल्या संशोधकांनी माणसाच्या तेलग्रंथीच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवल्या. या पेशींची गोष्ट मला फार आवडते. १९९९ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ८७ वर्षांच्या एका आजीबाईंच्या चेहऱ्यावरच्या ग्रंथीतून त्या मिळवल्या आणि सतत वाढत राहतील अशा केल्या. तेव्हापासून पिंपलवरचं जगातलं बरंचसं संशोधन त्याच पेशींवर होतं. तर डेब्रेसेनमध्ये या पेशींना टेस्टोस्टेरॉन, लिनोलिक आम्ल अशा गोष्टी देऊन जास्त तेल करायला लावलं आणि मग त्यात सीबीडी घातलं. वाढलेलं तेल खाली आलं. पेशींची बेसुमार वाढही थांबली, आणि त्या मेल्या नाहीत. पेशीच्या भिंतीवर टीआरपीव्ही-४ नावाचं एक दार असतं. सीबीडीने ते उघडलं की आत तेल बनवायचा हुकूम देणारी साखळी मंदावते, असं त्यांना आढळलं. सूज पेटवणारा एक वेगळा मार्गही दबला. सीबीडी आणि पिंपल्स यांचा संबंध सांगणारी जवळपास प्रत्येक जाहिरात फिरून फिरून याच एका कामावर येते.

मीही तो निबंध वाचला तेव्हा हुरळून गेलो होतो. तेलग्रंथीला आवर घालणारं, वरून लावायचं औषध तेव्हा आमच्या हातात नव्हतं. पण बशीतली पेशी आणि तुमचा गाल यांच्यात मोठं अंतर आहे. बशीत सीबीडी थेट पेशीला भिडतं. चेहऱ्यावर त्याला आधी त्वचेचा सगळ्यात वरचा थर ओलांडावा लागतो. हा रेणू तेलात इतका रमणारा आहे की त्या वरच्या थरातच तो साठून राहतो आणि खाली ग्रंथीपर्यंत पुरेसा पोचवणं अवघड जातं. कुठल्या द्रावणात, किती टक्के, दिवसातून किती वेळा, यावर सगळं अवलंबून असतं.

मग माणसांवर करून बघितलं का? बघितलं. बोटॅनिक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने ५ टक्के सीबीडीचं खास द्रावण तयार केलं आणि साडेतीनशेहून अधिक पिंपल्सच्या रुग्णांवर १२ आठवडे रीतसर चाचणी घेतली. काहींना औषध, काहींना तेच द्रावण पण सीबीडीशिवाय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल आला. औषधवाल्यांचे पिंपल्स कमी झाले, पण नुसतं द्रावण लावणाऱ्यांचेही जवळपास तेवढेच कमी झाले. ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. सुरक्षिततेच्या बाजूने तक्रार नव्हती, त्वचेला ते चांगलं सोसवलं. पण पिंपलच्या औषधाने पिंपल बरा करून दाखवायचा असतो आणि ते या चाचणीत झालं नाही.

हा निकाल जाहिरातीत कधी येत नाही, म्हणून मी तो प्रत्येक पेशंटला सांगतो. त्यातून अजून एक गोष्ट कळते. तीन महिने रोज नियमाने चेहऱ्याची काळजी घेतली, ट्यूबा बदलल्या नाहीत, पिंपल्स फोडले नाहीत, तर औषध नसतानाही चेहरा बराच सुधारतो. तुमच्या मित्राला फरक पडला असेल तर मी त्याला खोटं ठरवणार नाही. फक्त तो फरक सीबीडीने पडला असं त्यावरून म्हणता येत नाही.

जाहिरातींत आणखी एक अभ्यास सांगतात, पाकिस्तानातला, २०१५ मध्ये छापलेला. ३ टक्के अर्काचं क्रीम १२ आठवडे गालाला लावलं आणि तेल व लाली कमी झाली. पण त्यात माणसं होती ११, आणि अर्क होता भांगेच्या बियांचा. बियांमध्ये सीबीडी जवळजवळ नसतंच. तेव्हा तो अभ्यास सीबीडीचा पुरावा म्हणून दाखवणं चूक आहे.

बियांचा विषय निघालाच आहे, तर आता तुमची बाटली बघू.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी तिच्या आईबरोबर आली होती. टेबलावर तिने तपकिरी काचेची, ड्रॉपरवाली बाटली ठेवली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘हेम्प ऑइल ३००० मिग्रॅ’ आणि पाच बोटांचं हिरवं पान. मी बाटली फिरवली आणि भिंगातून मागची बारीक अक्षरं वाचली: कोल्ड प्रेस्ड कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल. म्हणजे भांगेच्या बियांचं तेल. बस, तेवढंच. सीबीडीचा उल्लेख कुठेही नव्हता. ३००० मिलिग्रॅम हे बियांच्या तेलाचं वजन होतं, म्हणजे ३ ग्रॅम तेल. ड्रॉपरने टिपकागदावर एक थेंब टाकला तर हिरवट रंग आला आणि ओल्या गवताचा, जरासा अक्रोडासारखा वास. बियांचं तेल असंच असतं. शुद्ध सीबीडी म्हणजे पांढरी भुकटी, ती तेलात विरघळवून विकतात. त्या मुलीने दोन महिने सीबीडी समजून जे लावलं ते खायचं तेल होतं. तिची आई काही बोलली नाही, फक्त बाटली उचलून पर्समध्ये टाकली.

तुम्हीही तुमची बाटली फिरवून बघा. बियांचं तेल आपल्याकडे खाद्यपदार्थ म्हणून रीतसर विकता येतं. २०२१ पासून एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्याला परवानगी दिली आहे, पण त्यात सीबीडी किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. हिशेब करा. ३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २८ ग्रॅम तेल, म्हणजे सीबीडी जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम, तेही संपूर्ण बाटलीत. त्या ऑस्ट्रेलियन चाचणीतल्या द्रावणात एका ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम होतं, आणि तेवढ्यानेही काम भागलं नव्हतं.

बाटली खरोखर सीबीडीची असली तरी आत लेबलइतकं असेल याची खात्री नाही. अमेरिकेत ऑनलाइन मिळणारी ८४ उत्पादनं विकत घेऊन तपासली होती आणि २०१७ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. लेबलशी जुळली ती फक्त २६. बाकीच्यांत कशात कमी, कशात जास्त. आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. ही अवस्था तिथली, जिथे हा धंदा मोठा आणि जुना आहे.

आता तुमच्यासारख्या तेलकट चेहऱ्याला खास लागू होणारी गोष्ट. सीबीडी एकटं बाटलीत येत नाही, ते कुठल्या तरी तेलात येतं. तिळाचं, खोबऱ्याचं, बियांचं. तुमच्या पाठीवर जे दाणे आहेत ते एकसारखे बारीक आहेत का, घाम आला की खाजतात का, हे मला बघावं लागेल. कारण तसं असेल तर ते पिंपल्स नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टने, म्हणजे एका बुरशीने, केसांच्या मुळाशी आणलेला दाह असू शकतो. ही यीस्ट तेलातल्या मेदाम्लांवर जगते. तिच्यावर तेल चोळणं म्हणजे तिला रोज जेवण वाढणं. धावणाऱ्या, घामाचा टीशर्ट तासभर अंगावर ठेवणाऱ्या मुलांमध्ये मी हे फार बघतो, आणि वर्षानुवर्षं पिंपल्सची औषधं घेऊन ते बरं होत नाही. अँटीफंगल दिलं की काही आठवड्यांत पाठ साफ होते.

जिभेखालच्या थेंबांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सीबीडी हे तोंडावाटे घ्यायचं खरं औषध आहेच. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर. तिथे डॉक्टर लिव्हरच्या रक्तचाचण्या करत करत ते देतात, कारण यकृतातली एन्झाइम्स वाढू शकतात. शिवाय बरीचशी औषधं यकृतात ज्या वाटेने मोडली जातात तीच वाट सीबीडी अडवतं, त्यामुळे फिट्सची, रक्त पातळ करणारी औषधं शरीरात साठू शकतात. पिंपल्ससाठी तोंडावाटे सीबीडी उपयोगी पडतं असा पुरावा नाही. आणि उद्या तुमच्यासाठी हट्टी पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या ठरल्या, तर त्यांचाही भार यकृतावरच पडणार. पेशंट हे थेंब ‘औषध’ समजत नाहीत म्हणून सांगत नाहीत. मग एन्झाइम्स वाढलेली दिसली की आम्ही चांगली चाललेली गोळी बंद करून बसतो. तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे आवर्जून सांगा.

तुम्ही स्पर्धांमध्ये धावता म्हणून आणखी एक. खेळाडूंना बंदी असलेल्या उत्तेजकांच्या जागतिक यादीतून सीबीडी २०१८ पासून वगळलं आहे, पण स्पर्धेच्या वेळी टीएचसीवर बंदी आहेच, आणि झाडातले बाकीचे तत्सम घटकही यादीत आहेत. वर त्या १८ बाटल्या सांगितल्या, त्यातली एक तुमच्या हाती आली तर लघवीच्या तपासणीत लेबल कामाला येणार नाही.

आईच्या म्हणण्याकडे येतो. नाशिककराला या झाडाची ओळख करून द्यायला नको. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरी आणि सिंहस्थात रामकुंडावर ज्याने चार दिवस काढले त्याला तो वास ठाऊक असतो. म्हणून आई दचकली तर तिचं चुकलं नाही, पण झाडात शंभरहून जास्त घटक आहेत आणि त्यातल्या सीबीडीने नशा येत नाही, त्याचं व्यसन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही हेच म्हटलंय. हे तिला मोकळेपणाने सांगा. कायद्याची बाजू मात्र वेगळी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस, यांच्यावर बंधन आहे. बिया आणि फुलोऱ्याशिवायची पानं त्या व्याख्येत बसत नाहीत. भांगेवर राज्याचा दारूबंदी कायदा आहे. आयुर्वेदात याच झाडाला विजया म्हणतात. तिचा समावेश औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे तिची औषधं आयुष परवान्याने बनतात आणि वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची असतात. पंचवटीतल्या गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, शहरात जाणते वैद्य आहेत. विजया घ्यायचीच असेल तर त्यांनी नाडी बघून, लिहून दिलेली घ्या. परदेशातून येणारा चुलतभाऊ बॅगेत बाटली टाकून आणतो म्हणाला तर नको म्हणा. अमेरिकेने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या हेम्पला (कमी नशेच्या भांगेच्या झाडाला) मोकळीक दिली, तो नियम मुंबईच्या विमानतळावर दाखवून उपयोग होत नाही.

एवढं सगळं सीबीडीबद्दल झालं. पण तुमच्या पत्रातल्या ज्या दोन ओळींवर माझी नजर अडकली त्या वेगळ्याच आहेत. एक, सीएनसी मशीन. दुसरी, मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबा.

मशीनवर कुलंटचे (धातू कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) आणि कटिंग ऑइलचे बारीक तुषार उडतात. ते केसांच्या मुळांशी बसतात, नळीचं तोंड बंद करतात, आणि हातांवर, मांड्यांवर, जिथे युनिफॉर्म तेलाने भिजून चिकटतो तिथे काळे ठिपके आणि फोड येतात. सातपूर-अंबडच्या कामगारांमध्ये हे मी आठवड्याला बघतो. तुमच्या पाठीवरचं सगळं यामुळे असेल असं मी न बघता म्हणणार नाही. पण एक सवय आजच सोडा: कॉटन वेस्टने किंवा मशीन पुसायच्या फडक्याने कपाळाचा घाम पुसणं. त्या फडक्यात तेल तर असतंच, धातूचा बारीक कीसही असतो. खिशात वेगळा स्वच्छ रुमाल ठेवा. शिफ्ट संपल्यावर कंपनीतच साबणाने हात, मान, चेहरा धुवा. त्या कपड्यांत बसने घरी येऊन तसंच आडवं होऊ नका. भिजलेला युनिफॉर्म दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू नका, दोन जोड ठेवा. यातल्या कशालाच फारसे पैसे पडत नाहीत, आणि मी अशी मुलं बघितली आहेत ज्यांचे हात एवढ्यावरच सहा आठवड्यांत स्वच्छ झाले.

ट्यूबांबद्दल. पिंपल्सवर म्हणून हातात दिली जाणारी बरीच क्रीम्स स्टेरॉइड मिसळलेली असतात. लावल्यावर दोन दिवसांत लाली बसते, चेहरा उजळतो, माणूस खूश होतो. बंद केलं की दुपटीने उसळतं, म्हणून पुन्हा लावतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ, लाल, उन्हात भाजल्यासारखी होते, आणि स्टेरॉइडचेच पिंपल्स येतात, एकाच वयाचे, एकसारखे, दाटीवाटीने. घरातल्या रिकाम्या ट्यूबा फेकल्या नसतील तर नावं बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर तुमचा उपचार वेगळ्या वाटेने जाईल, आणि ते क्रीम एकदम बंद करायचं की हळूहळू, हे डॉक्टरने ठरवायचं. जिमचं म्हणाल, तर व्हे प्रोटीन चालू असेल तर सांगा, काहींचे पिंपल्स त्याने वाढतात. आणि कुणी ‘बॉडी’साठी इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील तर तेही सांगा. मी रागावणार नाही. पण ते लपवलं तर जगातलं कुठलंच औषध तुमचा चेहरा बरा करू शकणार नाही, कारण तेलग्रंथीला चाबूक मारणारं हार्मोन आपणच बाहेरून टोचत असतो.

आता काय करायचं ते. साध्या ते मध्यम पिंपल्ससाठी ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे ते औषध जुनं आणि स्वस्त आहे: अॅडापॅलिन ०.१ टक्के जेल, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. अॅडापॅलिन बूच बसू देत नाही, बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं आणि जंतूला त्याची सवय होत नाही. वापरण्यात मात्र सगळे चुकतात. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या, १५–२० मिनिटं कोरडा होऊ द्या. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढं जेल. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरा, नुसत्या पिंपलवर टेकवू नका, कारण उद्याचा पिंपल आज न दिसणाऱ्या जागी तयार होतोय. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. त्वचा कोरडी पडेल, थोडी चुरचुरेल, पापुद्रे सुटतील. वर साधं, तेल नसलेलं मॉइश्चरायझर लावा. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं सगळे विचारतात. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ओलावा गेला की तुम्ही आठव्या दिवशी औषध सोडता. निफाडला पारा घसरतो तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत सुरुवात केलीत तर अजून जपून, आठवड्यातून तीनदाच. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरी खोळ आणि पांढराच टॉवेल. सकाळी धावायला जाताना जेलसारखं सनस्क्रीन.

पहिल्या महिन्यात पिंपल्स थोडे वाढल्यासारखे वाटतील. इथेच निम्मे लोक सोडून देतात आणि नवी बाटली शोधायला लागतात. ग्रंथीतल्या पेशीचा तो दोन-तीन आठवड्यांचा प्रवास आठवा. आतलं आधीच भरलेलं बाहेर पडायला वेळ लागतो. सहाव्या आठवड्यात फरक दिसू लागतो, खरा अंदाज बाराव्या आठवड्यात येतो.

लाल, सुजलेले पिंपल्स जास्त असतील तर जोडीला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतो, जेवणावर, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं न होता. उन्हाचा त्रास वाढतो, हे धावणाऱ्याने लक्षात ठेवायचं. तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि नुसत्या अँटिबायोटिकवर कधीच नाही. खोल, गाठीसारखे, खड्डे पाडणारे पिंपल्स असतील तर वेळ न दवडता आयसोट्रेटिनॉइन. १९८२ पासून वापरात असलेलं हे औषध तेलग्रंथीच आक्रसून टाकतं, तेल ९० टक्क्यांपर्यंत खाली येतं. सीबीडीकडून जी अपेक्षा होती ती हे औषध खरोखर पूर्ण करतं, पण त्याचे नियम पाळावे लागतात. आधी आणि मधूनमधून रक्तचाचण्या. ओठ फुटतात. अंग दुखतं, आणि जोरात व्यायाम करणाऱ्यांत स्नायूंचं एन्झाइम वाढू शकतं, म्हणून त्या काळात तुमचं लांब पल्ल्याचं धावणं जरा कमी करावं लागेल. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान नाही. हे वाचणाऱ्या मुलींसाठी ठळक सांगतो: या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येतं. गरोदरपण टाळण्याची पक्की सोय असल्याशिवाय, आणि बंद केल्यानंतर एक महिना जाईपर्यंत, यात तडजोड नाही. आणि ज्यांचे पिंपल्स जबड्यावर येतात, पाळी पुढे-मागे होते, हनुवटीवर केस वाढलेत, त्यांनी आधी हार्मोनची तपासणी करून घ्यावी. त्यांचा उपचार तिथून सुरू होतो.

वरून लावून तेल कमी करणारं औषध यावं ही आमची जुनी इच्छा मात्र अगदीच अपुरी राहिलेली नाही. क्लॅस्कोटेरोन नावाचं १ टक्क्याचं क्रीम २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते ग्रंथीवर हार्मोनला बसू देत नाही, आणि चाचण्यांत औषधाशिवायच्या क्रीमपेक्षा सरस ठरलं. सीबीडीचंही उद्या चांगलं द्रावण निघेल, नीट चाचणीत टिकेल, तेव्हा मी स्वतः ते लिहून देईन.

तरीही बाटली वापरायचीच असं ठरवलंत, तर निदान एवढं बघा. मागे ‘कॅनाबिडिओल’ हा शब्द आणि मिलिग्रॅम स्पष्ट लिहिलेले आहेत का. त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल, टीएचसीच्या आकड्यासह, कंपनी देते का. मग कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस, त्यानंतर जबड्याच्या एका कडेला आठवडाभर लावून बघा. बारीक दाणे उठले, खाज सुटली तर तिथेच थांबा. आणि ती चालू असताना अॅडापॅलिन बंद करू नका.

तुम्ही कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा ती बाटली, सगळ्या जुन्या ट्यूबा आणि प्रोटीनचा डबा पिशवीत घालून न्या. कंपनीतून कुलंटच्या कॅनवरच्या लेबलचा फोटो काढून न्या. शिफ्ट असेल त्या दिवशी चेहरा न धुता, थेट कामावरून जा. धुतलेल्या चेहऱ्यापेक्षा तो चेहरा आम्हाला जास्त सांगतो.